एका दोरीत दोनच

बसवकल्याणच्या आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांत भावाभावांचं बिनसलं की लोक वकिलाच्या आधी गुरुपादय्यांचं दार ठोठावायचे. वकील वर्षानुवर्षं लावणार, अय्या एका दिवसात मोकळं करणार. जन्मानं जंगम, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहित घराण्यातले, म्हणून सगळे त्यांना अय्या म्हणत, पण पूजाअर्चेत त्यांचं मन कधी रमलं नाही. ऐन तारुण्यात मोजणी खात्यात साखळी ओढायला लागले, पुढे मोजणीदार होऊन निवृत्त झाले, आणि सत्तरी उलटली तरी मोपेडच्या हँडलला टेपची पिशवी अडकवून गावोगाव फिरायचं काही थांबले नाहीत. कपाळाला विभूती, खिशात शिसपेन्सिल, आणि सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली एक सुई. त्या सुईवरून लोक त्यांना मागे ‘सुईदोरा अय्या’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण अय्यांची जीभ सुईपेक्षा जास्त टोचायची.

हा सुईदोऱ्याचा प्रकार सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ह्या भागातली जमीन मोठी लबाड. वर तांबडा मुरमाड माळ, खाली काळी, आणि पुष्कळदा एकाच शेतात दोन्ही. नुसते एकर मोजून निम्मे केले तर एकाच्या ताटात काळी जाते आणि दुसऱ्याच्या ताटात खडे. बाकीचे मोजणीदार काळीचे दोन आणि तांबडीचे दोन तुकडे पाडत. मग प्रत्येक भावाच्या दोन पट्ट्या दोन ठिकाणी, याच्या वाट्यातून त्याची वाट, आणि भांडण होतं तिथंच. अय्या एकच सरळ बांध घालायचे. त्या एकाच बांधानं काळीही निम्मी व्हायची आणि तांबडीही.

ते शेताचा नकाशा ग्राफ पेपरवर काढत. काळीचे चौकोन पेन्सिलीनं भरत, तांबडीचे कोरे ठेवत. मग सुईतला दोरा कागदावर ताणून धरत आणि काळीचे चौकोन दोन्हीकडे सारखे होईपर्यंत सरकवत. आता तांबडी बघायची. समजा डावीकडे जास्त पडली. मग दोरा जरासा फिरवायचा, पुन्हा काळी निम्मी होईपर्यंत सरकवायचा, पुन्हा तांबडी मोजायची. असं फिरवत फिरवत दोरा अर्धा वेढा फिरला की जी डावी बाजू होती तीच उजवी झालेली असते. म्हणजे जिथं जास्त होतं तिथं आता कमी. ‘जास्तीचं कमी होताना मधे कुठंतरी बरोबर व्हावंच लागतं की नाही?’ असं अय्या विचारायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. लोकांना फारसं कळायचं नाही, पण पटायचं. शेवटी वाटा उचलायचा मान धाकट्याचा, अशी रीत. रेघ पाडणाऱ्याला कुठला वाटा कुणाला जाणार हे ठरवता येत नाही, त्यामुळे लबाडीचा प्रश्नच नव्हता.

अय्यांची मुलगी चैत्रा कलबुर्गीच्या एका कॉलेजात गणित शिकवते. एका उगादीला, म्हणजे पाडव्याला, ती घरी आली असताना तिनं बापाचा हा खेळ बघितला आणि हसायलाच लागली.

“अप्पा, हे गणितात कधीच सिद्ध झालेलं हाय. एक सरळ रेघ, दोन गोष्टी. कायम जमतंय.”

“मला कोण शिकवलं न्हाई,” अय्या छाती फुगवून म्हणाले.

“म्हणूनच कौतुक. पण तीन गोष्टी असल्या तर सरळ रेघ पुरत न्हाई बघा. एकदाच वाकवली, एक कोपर काढलं, की तीनबी जमतात.”

“वाकडा बांध?” अय्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “वाकडा बांध म्हंजी वाकडा माणूस. माझ्या हातनं न्हाई व्हायचं.”

चैत्रानं विषय सोडून दिला. बापाचा स्वभाव तिला ठाऊक होता. अय्यांना मात्र ‘एका दोरीत दोनच’ हे वाक्य भारी आवडलं, आणि त्या दिवसापासून ते ठेवणीतल्या म्हणीसारखं वापरायला लागले. तिसऱ्या गोष्टीचा कुणी विषय काढला की, झाडं, गोठा, पायवाट काहीही असो, त्याच्या अंगावर हे वाक्य पडायचं.

तीन वर्षांपूर्वी निडगेवाडीच्या काशप्पा आणि सिद्धलिंग ह्या भावांची वाटणी अय्यांनी केली. अकरा एकर, सहा काळी, पाच तांबडी. थोरला काशप्पा गरीब गाय, धाकटा सिद्धलिंग तापट पण मनानं सरळ. उत्तरेला सिद्धलिंगानं आधीच पत्र्याचं शेड उभं केलेलं, त्यामुळे तो उत्तरेचाच वाटा उचलणार हे गावातल्या शेळीलाही माहीत होतं. कागदावर दोरा बसला, शेतात खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की मारायला घेतली. सगळं गाव बांधावर जमलेलं. फक्कीची रेघ एका जुन्या बोरीच्या दक्षिणेकडून जात होती, म्हणजे बोर सिद्धलिंगाकडे.

तेवढ्यात काशप्पाची बायको शरणम्मा पुढं आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, नजर खाली.

“अय्या, दोरी बोरीच्या पलीकडनं जाऊ द्या की. बोरीबुडचं एवढं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

“कामून?” अय्यांनी विचारलं.

तिनं पदर आणखी पुढं ओढला. पन्नास बाप्ये तिच्याकडे बघत होते. अय्यांना वाटलं, झालं, ही पण त्यातलीच. वाटणीच्या दिवशी प्रत्येक घरातली बाई एखादं झाड, एखादा कोपरा आपल्याकडे ओढायला बघते. हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलेलं. शिवाय ऊन तापलेलं होतं आणि काम उरकत आलेलं होतं.

“एका दोरीत दोनच गोष्टी निम्म्या होतात, अक्का,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “तिसरी घुसवली की दोन्ही बिघडतात. बोरं खायची असतील तर बाजारातनं आण.”

लोक पोट धरून हसले. काशप्पाही कसंनुसं हसला. शरणम्मा आली तशी मागे गेली.

खरं सांगायचं तर अय्यांनी त्या वेळी एक गोष्ट बघितली होती. बोरीच्या बुंध्याशी तळहाताएवढा एक सपाट दगड होता आणि त्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती. लिंगायतात माणूस जाळत नाहीत, पुरतात, आणि पुष्कळदा आपल्याच शेतात. अशा दगडाचा अर्थ दुसऱ्या कुणाला नाही तरी जंगमाला कळायलाच हवा. मातीआड होणाऱ्याच्या शेवटच्या विधीला जंगमच लागतो. अय्यांच्या डोळ्यांनी तो दगड बघितला आणि पायांनी ओलांडला. का ओलांडला, हे नंतर त्यांनी स्वतःला शंभरदा विचारलं. उत्तर एकच यायचं: दोरा बरोबर बसला होता आणि तो हलवायचा नव्हता.

यंदाच्या चैत्र महिन्यात सिद्धलिंगाचा फोन आला. शेततळं मंजूर झालंय, उद्या खोदायला मशीन येणार आहे, माळावरचं पाणी जिथं उतरतं तिथं चार खुंट्या मारून द्या. अय्या सकाळीच मोपेडवरून निघाले. पाणी कुठं उतरतं हे त्यांना नकाशा न बघता ठाऊक होतं. माळ संपून काळी लागते त्या खोलगटात, बोरीपाशी.

तिथं शरणम्मा बसली होती. दिराच्या शेतात, बोरीच्या सावलीत, तांब्यातलं पाणी दगडावर ओतत. अय्यांना बघून ती उठायला लागली.

“बस अक्का, बस,” अय्या म्हणाले. आणि मग त्यांची नजर दगडावर गेली. विभूती ताजी होती. ह्या वेळी मात्र त्यांना डोळे मिटता आले नाहीत. त्यांनी हातातल्या खुंट्या खाली ठेवल्या.

“कोण हाय गं?”

शरणम्मानं इकडेतिकडे पाहिलं. आसपास कुणी नव्हतं.

“लेक,” ती म्हणाली. “अकरा दिसांची होती. पाळणा व्हायचा होता. पंधरा वर्सं झाली. हे तवा हैदराबादला कामाला होते. मामांनी, म्हंजी सासऱ्यांनी, एकट्यानं आणून ठिवलं हितं. मामा गेले. आता मला एकटीलाच ठावं हाय.”

“काशप्पाला?”

“लेकरू गेलं एवढं ठावं हाय. कुठं ठिवलं ते त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. नाव न ठिवलेल्याचं काय सांगायचं.”

अय्या तिथंच मातीत बसले. “मग मला सांगायचंस की अक्का तवा. मी इचारलं होतं.”

“इचारलाव की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट. “चारचौघात इचारलाव. बाजूला घिऊन इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

शरणम्मानं मातीत रुतलेला दगड दोन्ही हातांनी धरून थोडा हलवला.

“मशीन उद्या येणार म्हणत्यात. मी दगड तेवढा घरी नेते.”

“दगड नेऊन काय गं?”

“मग काय करू? तुम्हीच सांगा.” आणि मग घाईनं, “कुणाला बोलू नका अय्या. तुमच्या पाया पडते. गावाला कळलं की ह्यांना कळंल. बापाला अशा गोष्टी गावाकडनं कळू नये.”

अय्यांनी तोंडानं नव्हे, मानेनं हो म्हटलं. खुंट्या न मारताच ते माघारी फिरले आणि जाताना सिद्धलिंगाला एवढंच म्हणाले, “मशीनला चार दिस थांबव. माझी मोजणी चुकलीय असं वाटायलंय.” सिद्धलिंग तोंड वासून बघत राहिला. अय्यांच्या तोंडी ‘चुकली’ हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता.

तळं दुसरीकडं ढकललं तरी बोर सिद्धलिंगाच्याच वाट्यात राहणार, आज ना उद्या तिथं काहीतरी खोदलं जाणारच, म्हणून घरी येऊन अय्यांनी जुना कागद काढला. दोरा घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोऱ्याच्या मधोमध टाचणी टोचून त्याला कोपर काढलं. बोर काशप्पाकडे राहिली पाहिजे, काळी निम्मी, तांबडी निम्मी. टाचणी इथं टोच, तिथं टोच. अर्ध्या तासात जमलं. तिन्ही जमलं. लेकीनं सांगितलं होतं तसंच. अय्या त्या कागदाकडे बघत बसले आणि त्यांच्या मनात आलं ते अगदी साधं होतं: तीन वर्षांपूर्वीही अर्धा तासच लागला असता. बोरांचा विनोद करून गावाचं हसं ऐकायला त्यांना वेळ होता, ह्या अर्ध्या तासाला नव्हता.

पण आता नवीच पंचाईत. जुनी रेघही बरोबर, नवी रेघही बरोबर. दोन्हींत काळी निम्मी आणि तांबडी निम्मी. मग लोक विचारणार, सरळ बांध मोडून वाकडा कशाला? कामून? आणि ते उत्तर तर द्यायचं नाही. अय्यांना एकच वाट दिसली. त्यांनी खोडरबर घेतलं आणि जुन्या कागदावरचे, शेताच्या कडेनं जाणाऱ्या ओढ्याच्या काठचे काही भरलेले चौकोन पुसले, काही कोरे भरले. सिद्धलिंगाला काळी दोन गुंठे कमी गेली, असं दिसायला हवं. ज्याला कमी गेलं त्याला बदल गोडच लागतो. काशप्पा तर गरीब, तो हूं की चूं करणार नाही. आळ आपल्या एकट्यावर येईल, घेऊ. चाळीस वर्षांत त्यांनी मापात तसूभर खोट केली नव्हती. चौकोनाच्या बाहेर पेन्सिल जात होती, आणि तरी आत कुठंतरी त्यांना बरंही वाटत होतं की आपण प्रायश्चित्त घेतोय. माणूस पश्चात्तापातही आपल्यापुरतं सुख शोधतोच.

चौथ्या दिवशी देवळापुढच्या कट्ट्यावर गाव जमलं. बाया लिंबाखाली बसल्या. अय्यांनी कागद पसरला आणि खाली मान घालून म्हणाले, “चूक माझी हाय. ओढ्याकाठचे चौकोन मोजताना चुकलो. सिद्धलिंगाला काळी दोन गुंठे कमी गेली. आता बांध हितनं असा वाकवायचा. बोर काशप्पाकडं जाईल आणि काळी बरोबर होईल.”

मग म्हातारा मडिवाळप्पा, ज्याची स्वतःची वाटणी अय्यांनी केली होती, हळूच म्हणाला, “अय्या, तुम्ही चुकलाव? मग आमचं कसं?” चार-पाच जणांनी माना हलवल्या. अय्यांना हे अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते पुढं झालं.

सिद्धलिंग उभा राहिला. अय्यांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो वळला भावाकडे.

“म्हंजी तीन वर्सं दादा माझ्या दोन गुंठ्यांची तूर खायलाय?”

“अरे, चूक माझी म्हणतोय ना मी,” अय्या म्हणाले.

“तुमची चूक, पण पेरणी कुणाची? ओढ्याकाठचं ह्याला ठावं नसंल? लहानपणापासनं औत धरतोय!” सिद्धलिंगाचा पारा चढत गेला. “आणि आता कळायलंय मला. वाटणीदिशी वहिनी कामून पुढं आली होती दोरी सरकवा म्हणून? नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं! माझ्याच घरातले चोर!”

काशप्पानं हात जोडले. “मला खरंच ठावं न्हाई रे. माझ्या पोटात गेलं असंल तर घे बाबा, चार गुंठे घे.” गावासमोर धाकट्या भावानं चोर म्हटलेला माणूस होता तो, आणि त्यानं कुणाचं काडीभर खाल्लेलं नव्हतं.

त्यांनी सगळं मोजलं होतं. काळी, तांबडी, बोर, स्वतःची अब्रूसुद्धा. काशप्पाची अब्रू मोजायची राहिली होती. पुन्हा तेच. पुन्हा मापात न धरलेलं काहीतरी त्यांच्या रेघेखाली आलं. आता खरं बोलावं तर शरणम्माचा शब्द मोडतो, न बोलावं तर हा माणूस चोर ठरतो. ते कट्ट्यावर उभे राहिले. पन्नास बाप्ये त्यांच्याकडे बघत होते.

लिंबाखालून शरणम्मा उठून आली. ह्या वेळी पदर पुढं ओढलेला नव्हता.

“कुणी कुणाचं खाल्लं न्हाई,” ती म्हणाली. “बोरीबुडी माझी लेक हाय. अकरा दिसांची गेली ती. मामांनी ठिवलीय. तळं खोदणार होते म्हणून अय्यांनी हे केलंय.”

काशप्पा तिच्याकडे बघत राहिला. मग तो हळूहळू कट्ट्याच्या पायरीवर बसला.

“बोरीबुडी?” तो म्हणाला. “अगं, मी बारा वर्सं त्या बोरीखाली बसून भाकर खाल्ली.”

“व्हय. मला बरं वाटायचं,” शरणम्मा म्हणाली, आणि तिला रडू आवरलं नाही.

सिद्धलिंगानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तापट माणूस, पण दगड नव्हे. तो भावाच्या पायाशी येऊन बसला, काही तरी पुटपुटला, आणि मोठ्यानं एवढंच म्हणाला की तळं शेडामागं होईल, बांध आजच वाकवा. मडिवाळप्पानं कागदाकडे बोट करून विचारलं, “मग अय्या, ते दोन गुंठे?”

“खोटं,” अय्या म्हणाले. “जुनी मोजणी बरोबर होती. चौकोन मी पुसलेत.”

आणि मग गावानं काय करावं? गावानं अय्यांना डोक्यावर घेतलं. लेकीबाळीची लाज राखायला म्हाताऱ्यानं स्वतःच्या नावाला काळं फासून घेतलं, असा माणूस मिळणार नाही म्हणाले. चहा आला. अय्यांनी वाटणीच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता, पण कप हातात कोंबला गेला आणि तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. ज्या बाईनं पाया पडून सांगितलं होतं की ह्यांना गावाकडनं कळू नये, तिच्या नवऱ्याला गावासमोरच कळलं, आणि ते कुणाच्या खोट्यामुळे, हे त्या कौतुकात कुणाच्या ध्यानात आलं नाही. शरणम्माच्या आलं असावं. बांधाची फक्की मारून झाल्यावर तिनं अय्यांना बोरीखाली बोलावलं, विभूतीची डबी पुढं केली आणि म्हणाली, “जंगम आलेत तर लावून जावा. तिला कुणा जंगमानं लावलीच न्हाई.” अय्यांनी तीन बोटं ओढली. ती त्यांना क्षमा करते की नाही हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांची विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर अय्यांचं एक नवं वेड सुरू झालं. त्यांच्या वहीत त्रेचाळीस वाटण्या लिहिलेल्या होत्या. ते एकेका गावी जायला लागले. लोकांना वाटलं, चौकोन तपासायला आलेत, आणि ते कागद घेऊन धावायचे. अय्या कागद उघडत नसत. घरातल्या जाणत्या बाईला जरा बाजूला बोलवा म्हणायचे, बाकीच्यांना लांब घालवायचे आणि विचारायचे, “अक्का, माझ्या रेघेत तुझं काही राहिलं का?” बहुतेक जणी हसायच्या, म्हाताऱ्याला चळ लागला म्हणायच्या. एकीला माहेरून आणून लावलेल्या सीताफळाचं दुःख होतं. एकीनं नुसतं ‘काय नव्हतं’ म्हणून पदर तोंडाला लावला, आणि अय्या उठेनात तेव्हा चिडून आत गेली. चैत्रा फोनवर म्हणायची, अप्पा, उन्हाचं फिरू नका, झालं ते झालं. अय्या हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मोपेड काढायचे.

सतरावी वाटणी हुलसूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, एकोणीस वर्षांपूर्वीची. घरात यल्लम्मा नावाची म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. मुलं शेतात गेलेली, त्यामुळे बाजूला बोलवायचीही गरज पडली नाही. अय्या तिच्यासमोर उकिडवे बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

तिनं सूप खाली ठेवलं.

“होतं की,” ती म्हणाली. “दोन होते. जुळे. तुमच्या दोरीच्या पलीकडं गेले. मी म्हणणार होते, तर दीर म्हणाले, अय्याची रेघ हाय, कोण बोलणार.”

“मी बांध वाकवून देतो,” अय्या घाईघाईनं म्हणाले, सुईकडे त्यांचा हात गेलासुद्धा. “आत्ता देतो. जागा दाखव.”

“आता काय दाखवू? तिथं हीर खांदली त्यांनी.”

अय्यांचा हात तसाच राहिला. नको तेच तोंडातून निघून गेलं.

“पाणी लागलं का?”

“लागलं की,” यल्लम्मा म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. “ग्वाड हाय म्हणत्यात. मी पीत न्हाई.”